कादंबरीतील स्वप्न : शकुन आणि साक्ष

आधुनिक कथात्म साहित्यातील स्वप्नांचा विचार फ्रॉइडपासून सुरू करण्याचा प्रघात समीक्षेत रूढ आहे. कालक्रम त्याला दुजोरा देत नाही. फ्रॉइडचा स्वप्नमीमांसेवरील ग्रंथ नोव्हेंबर १८९९ मध्ये बाहेर पडला (शीर्षकपृष्ठावर साल १९००). दस्तयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ने स्वप्नाचे कथेतील स्थान त्याआधीच, १८६६ मध्ये, पालटले होते.

जुन्या आख्यानांतील स्वप्न बहुधा शकुन असते. रामायणात त्रिजटेला जे दिसते त्याची पूर्तता पुढचे कथानक करते. पेत्रोव्स्की बेटावरील झुडपांत झोपलेल्या रास्कोल्निकॉव्हचे स्वप्न भविष्य सांगत नाही. सात वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर गुत्त्यावरून चालला आहे. मिकोल्का नावाचा शेतकरी आपल्या मरतुकड्या घोडीला न पेलणाऱ्या गाडीस जुंपतो आणि चाबकाने, मग दांड्याने, शेवटी लोखंडी पहारीने तिचा जीव घेतो. मुलगा तिच्या रक्ताळलेल्या तोंडाला मिठी मारतो. जागा झाल्यावर रास्कोल्निकॉव्हला आपल्या कुऱ्हाडीच्या बेताची शिसारी येते. बेत सोडल्याने तो हलकाही होतो. परंतु परतताना, गहाणवट घेणाऱ्या म्हातारीची सावत्र बहीण उद्या संध्याकाळी सात वाजता घरी नसेल, हे बाजारात त्याच्या कानावर पडते. तेवढे पुरते.

स्वप्न येथे कथानकाला अडवू पाहते आणि हरते. त्याचे मोल अन्यत्र आहे. मुलगा, मिकोल्का, घोडी या तिघांतही रास्कोल्निकॉव्ह आहे, हे वाचकाला दिसते. त्याला पुरते दिसत नाही. निवेदक अर्थ लावून देत नाही. पुढे खुनाची खोटी कबुली देणाऱ्या रंगाऱ्याचे नावही मिकोल्काच. त्यावरही भाष्य नाही.

सर्जनशील लेखकांना मनाचे ज्ञान शास्त्राआधी होते, हे येन्सेनच्या ‘ग्रादिवा’वर १९०७ मध्ये लिहिताना फ्रॉइडनेच मान्य केले होते. त्याच्या मागून आलेल्या समीक्षेने मात्र पुष्कळदा पात्राला रुग्ण केले. रुग्णाला स्वतःचे बालपण असते; पात्राला संहितेने दिलेले तेवढेच. घोडीच्या स्वप्नातून लेखकाचे बालपण उकरणारी समीक्षा कादंबरीबाहेर जाते, आणि ज्या क्षणी वाचक पात्रापेक्षा अधिक जाणतो तो क्षण तिच्या हातून निसटतो.

काफ्काने तर उकरण्याजोगे काही ठेवलेच नाही. ‘रूपांतर’ (१९१५) स्वप्न संपल्यावर सुरू होते. ग्रेगोर साम्साला रात्री काय दिसले ते वाचकाला कधीच कळत नाही. हे स्वप्न नव्हे, असे निवेदक लगेच बजावतो. उरते ती किडा झालेल्या फिरत्या विक्रेत्याला पहाटे पाचची गाडी चुकल्याची लागलेली धास्ती.