पाणबुड्या ते प्रशिक्षक

क्लेमेंटीतून आज तुमच्यासाठी पाण्याखालचा इतिहास.

पाणबुड्या हा आपला जुना शब्द. विहिरीत पडलेली घागर काढणारा, अडकलेला नांगर सोडवणारा माणूस. त्याच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं. बापाने शिकवलं, गावाने विश्वास ठेवला, एवढंच. इथल्या दक्षिणेकडच्या बेटांवरचे ओरांग लाऊत, म्हणजे समुद्राचे लोक, तेही असेच शिकले.

मग 1943 साली फ्रान्समध्ये नौदल अधिकारी जाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी ॲक्वालंग तयार केलं. त्याची झडप मागाल तेवढीच हवा देते, आणि तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी. हौशी माणूस आता पाण्याखाली रेंगाळू शकत होता. पण त्याला शिकवणार कोण?

1966 साली अमेरिकेत जॉन क्रोनिन आणि राल्फ एरिक्सन यांनी पॅडी ही संस्था काढली. एक डायव्हिंगचं सामान विकणारा, दुसरा पोहण्याचा प्रशिक्षक. त्यांनी शिक्षणाच्या पायऱ्या पाडल्या. आमच्या एमबीएच्या वर्गात याला उत्तम बिझनेस मॉडेल म्हटलं असतं, पण त्यात त्याहून मोठं काही होतं. गावाने ठेवायचा विश्वास आता अनोळखी माणसालाही तपासून पाहता येऊ लागला.

त्याच 1966 साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावलाला तिचं मुख्यालय आहे. 1980च्या दशकात डॉ. एस. आर. राव यांच्या पुढाकाराने तिथल्या पुरातत्त्व संशोधकांनी द्वारकेच्या समुद्रात शोध घेतला. पुढे विजयदुर्गाजवळ पाण्याखाली दगडी भिंतही नोंदवली गेली. आणि मालवणजवळ तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाने स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी केली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातली स्थानिक मुलं आज पर्यटकांचा हात धरून त्यांना प्रवाळ आणि मासे दाखवतात.

आता तुमच्या घरात कोणी म्हणालं, "आई, मला डायव्हिंग इन्स्ट्रक्टर व्हायचंय," तर दचकू नका. वाट काय आहे ते समजून घ्या. पॅडीच्या पद्धतीत आधी ओपन वॉटर, मग ॲडव्हान्स्ड, मग रेस्क्यू. त्यानंतर डाइव्हमास्टर. त्याला वय किमान 18 हवं, सुरू करताना 40 डाइव्ह आणि पूर्ण होईपर्यंत 60 डाइव्ह नोंदलेल्या हव्यात. पुढे प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम. अंतिम परीक्षेला बसायला 100 डाइव्ह लागतात. भौतिकशास्त्र, शरीरशास्त्र, उपकरणं यांचा पेपर असतो. उमेदवाराने तलावात आणि समुद्रात शिकवून दाखवायचं असतं.

हे सगळं कशासाठी? 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे श्वास रोखून वर आलात तर फुप्फुसातली हवा फुगत जाते आणि इजा होते, कधी जीवघेणीही. घाबरलेला नवखा नेमकं हेच करतो. त्याचे डोळे वाचून, त्याला वेळीच शांत करून वर आणणं हा खरा पेशा. मासे दाखवणं त्यानंतर येतं.

धोका पाण्याखालीच असतो असंही नाही. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. म्हणून सुट्टीत कोकणात जाल, किंवा इथून पुलाव हांतूला जाल, तेव्हा दर विचारण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र आहे का? एका प्रशिक्षकामागे किती जण? बोटीवर सगळ्यांना लाइफ जॅकेट आहे का? आणि ऑक्सिजन आहे का?

मालवणच्या मुलाला समुद्र बापाकडून कळतो, दाबाचं गणित वर्गात कळतं. सिंगापुरात वाढलेल्या आपल्या मुलांचं बहुधा उलटं होतं. गणित हातात असतं, समुद्र शिकायचा राहिलेला असतो. चांगल्या प्रशिक्षकाला दोन्ही लागतं. तेव्हा घरातल्या त्या पोराला "नोकरीचं काय?" असं विचारण्याआधी एवढंच विचारा, "तुझ्या हातात दुसऱ्याचा जीव द्यायला तू तयार आहेस का?"