दृष्टीचा लपंडाव

न्यूयॉर्क शहरांत करियर आणि आइव्ह्ज या नांवाची शिळाछापाची एक प्रसिद्ध पेढी होती. भिंतीवर टांगण्याजोगीं स्वस्त चित्रें छापून तीं सामान्य गृहस्थांच्या घरीं पोंचविणें हा तिचा व्यवसाय. इ. स. १८७२ मध्यें या पेढीनें एक चमत्कारिक चित्र प्रसिद्ध केलें. रानांत एक कोल्हा गोंधळून उभा आहे, एवढेंच त्यांत प्रथमदर्शनीं दिसतें. परंतु चित्राखालीं सूचना आहे कीं, यांत घोडा, कोंकरूं, रानडुक्कर आणि स्त्रीपुरुषांचे चेहरे दडलेले आहेत, ते शोधावे. मग पाहणारा थबकतो, आणि खोडांच्या व फांद्यांच्या रेषांतून एकेक आकृति उमटूं लागते.

आज संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर लपलेल्या वस्तू शोधण्याचा जो खेळ असंख्य लोक फावल्या वेळीं खेळतात, त्याचें कूळ असल्या चित्रांपर्यंत जाऊन पोंचतें. चित्र, शोधावयाच्या वस्तूंची यादी आणि पाहणाराचा धीर, हीं त्या खेळाचीं तीन अंगें तेव्हांच सिद्ध झालेलीं होतीं. पहिल्या दोहोंत पुढें केवळ बाह्य फरक पडला. तिसऱ्याचें काय झालें, हाच या इतिहासांतील विचार करण्याजोगा भाग आहे.

या खेळाच्या एका जवळच्या भावंडाचा संबंध हिंदुस्थानाशीं आहे. इ. स. १८६५ मध्यें मुंबईंत जन्मलेल्या रड्यार्ड किप्लिंगनें १९०१ सालीं ‘किम’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तींतील बालनायकाला सिमल्याच्या एका दुकानांत तबकांतील रत्नें क्षणभर दाखवून मग तीं झांकून टाकीत, आणि काय काय पाहिलें तें सांगावयास लावीत. हेराच्या धंद्याचें तें शिक्षण होतें. बेडन-पॉवेल यांनीं १९०८ सालच्या आपल्या बालवीरांच्या पुस्तकांत हाच खेळ किमच्या नांवानें घेतला. त्यांत स्मरणशक्तीचा भाग मोठा असला, तरी नीट पाहणें ही अभ्यासानें साधणारी विद्या आहे, ही कल्पना दोहोंना समान आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या कलेनें नवें रूप घेतलें. इ. स. १९८७ मध्यें मार्टिन हँडफर्ड या इंग्रज चित्रकाराचें वॉलीचें पहिलें पुस्तक निघालें. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घातलेला हा चष्मेवाला इसम रेषांच्या आड लपत नाहीं. तो गर्दींत हरवतो. पुढें १९९२ मध्यें वॉल्टर विक यांचीं छायाचित्रें आणि जीन मार्झोलो यांचीं यमकें अशी ‘आय स्पाय’ ही पुस्तकमाला अमेरिकेंत सुरू झाली. खेळणीं, गोट्या, बटणें यांच्या राशींतून काय हुडकावयाचें, तें पद्यांतून सांगितलेलें असे. १९९७ पासून ही माला संगणकावर आली, आणि कागदावर ठेवावयाचें बोट पडद्यावरील बाणावर आलें.

तथापि हा खेळ प्रौढांच्या घरांत शिरला तो इ. स. २००५ मध्यें. सिॲटल येथें २००२ सालीं पॉल थेलेन यांनीं स्थापिलेल्या बिग फिश गेम्स या कंपनीनें त्या वर्षीं ‘मिस्टरी केस फाइल्स : हंट्सव्हिल’ हा खेळ काढला. खेळणारानें गुप्त पोलीस व्हावें, आणि अडगळीनें भरलेल्या दृश्यांतून यादीबरहुकूम वस्तू हुडकाव्या, अशी त्याची योजना. घड्याळ चालूच असे. उगाच भलतीकडे टिचक्या मारणाराचा वेळ कापला जाई. या जातीच्या खेळांत छत्री झालरीच्या चुणींत असते, कात्री भिंतीच्या नक्षींत मिसळलेली असते. यादींतील शब्दही कधीं फसवितात. इंग्रजींत ‘बॅट’ म्हटलें कीं चेंडूफळीची फळी शोधावी कीं वटवाघूळ, हें चित्र पाहूनच ठरवावें लागतें. पुढील वर्षीं आलेल्या ‘रेव्हनहर्स्ट’नें इंग्लंडांतील एका पडक्या वाड्याचें गूढ त्याला जोडलें, आणि शोधाला कथेचा धागा मिळाला.

या खेळांच्या ग्राहकांत तिशी-चाळिशी उलटलेल्या स्त्रियांचा भरणा मोठा होता. बंदुका आणि मोटारींच्या शर्यती यांतच गुंतलेल्या या व्यवसायानें त्यांच्याकडे तोंवर फारसें लक्ष दिलें नव्हतें. व्यवहारही सरळ होता. एक तास खेळ फुकट पाहावा, आवडल्यास एकदां किंमत देऊन विकत घ्यावा. त्यानंतर तो आपला, पुस्तकासारखा.

हा व्यवहार फेसबुकच्या आणि मोबाइलच्या काळांत पालटला. पॅरिसच्या प्रीटी सिंपल या कंपनीचा ‘क्रिमिनल केस’ २०१२ मध्यें फेसबुकवर आला. बर्लिनच्या वूगा कंपनीचा ‘जून्स जर्नी’ २०१७ मध्यें आला. प्रवेशाला पैसा लागत नव्हता. मात्र प्रत्येक दृश्य उघडतांना ‘एनर्जी’ नांवाचा एक सांठा खर्ची पडे. तो संपला कीं तो पुन्हां भरेपर्यंत थांबावें, अथवा पैसे मोजून पुढें जावें. ज्या खेळाचा आनंदच धीरांत होता, त्यांत आतां धीर न धरण्याची किंमत ठरली. दृश्यांतील वस्तू पूर्वींप्रमाणेंच लपविलेल्या होत्या. पण विक्रीला मांडलेली वस्तु निराळी होती.

या पेढ्यांच्या मालकींत झालेले फेरफार याच दृष्टीनें पाहण्यासारखे आहेत. बिग फिश २०१४ मध्यें केंटकी डर्बीची घोड्यांची शर्यत भरविणाऱ्या चर्चिल डाउन्स कंपनीनें घेतली. २०१८ च्या आरंभीं ती जुगाराचीं यंत्रें बनविणाऱ्या ॲरिस्टोक्रॅट या ऑस्ट्रेलियन कंपनीकडे सुमारें ९९ कोटी डॉलरांस गेली. बिग फिशजवळ तोंवर जुगाराच्या धर्तीचेही खेळ होते, हें लक्षांत घेतलें पाहिजे. त्याच २०१८ सालीं वूगाही अशाच खेळांवर मोठी झालेल्या प्लेटिका कंपनीच्या हातीं गेली. मनुष्य किती वेळ गुंतून राहतो आणि कोणत्या क्षणीं पैसा काढतो, याचा हिशेब या घरांना चांगला अवगत होता.

परंतु जुनी वाट अगदींच बुजली नाहीं. इ. स. २०१७ मध्येंच ॲड्रियान द योंग आणि सिल्व्हें तेग्रोएग यांनीं ‘हिडन फोक्स’ हा खेळ काढला. त्यांतील चित्रें हातानें काढलेलीं, काळ्या-पांढऱ्या रेषांचीं. आवाज तोंडानेंच काढलेले. घड्याळ नाहीं, गुणांची मोजदाद नाहीं. किंमत एकदां द्यावयाची. एखादी वस्तु न सांपडल्यास दुसऱ्या दिवशीं पुन्हां शोधण्यास कोणाचीच हरकत नसते.

फावला वेळ ही मध्यमवर्गीय घरांत थोडी आणि म्हणूनच मोलाची वस्तु आहे. ती अशा खेळांत घालविणाराला दोष देण्याचें कारण नाहीं; एकाग्र होऊन पाहणें हा एक विसांवाच आहे. मात्र खेळ आपल्या डोळ्यांची परीक्षा घेत आहे कीं आपल्या अधीरतेची, एवढें तरी खेळणारानें पारखून घ्यावें. यादींत तिचें नांव कोठेंच लिहिलेलें नसतें.