स्वसंरक्षणाचा हक्क आणि अपिलाचे न्यायालय

खुनाबद्दल शिक्षा झालेल्या आरोपीचे स्वसंरक्षणाचे कथन अपिलात तपासले जाते, तेव्हा पुराव्याच्या बरोबरीने आणखी एक प्रश्न उभा राहतो : घटनेकडे कोणत्या क्षणापासून पाहावयाचे? मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात हा हक्क उदारपणे मांडलेला होता. लोकांनी अन्याय निमूटपणे सोसू नये, ही त्यामागील दृष्टी. १८६० च्या भारतीय दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे.

या दृष्टीने अमजद खान खटला (१९५२) उद्बोधक आहे. कटनीच्या दंगलीत जमावाने शेजारचा, भावाचा भाग लुटला. तेथील माणसे आरोपीच्या घरात पळून आली. जमाव त्याच्या दारावर लाठ्या मारू लागला. त्याने बंदूक झाडली. एक मनुष्य ठार झाला, तिघे जखमी झाले. सत्र न्यायालयाने दिलेली जन्मठेप नागपूर उच्च न्यायालयाने कायम केली, कारण त्याच्या दुकानाची लूट तोवर झालेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. निकाल लिहिणारे न्या. व्हिवियन बोस स्वतः नागपूरचेच माजी मुख्य न्यायाधीश होते. हल्ला पुरा होईपर्यंत वाट पाहण्याचे बंधन कायदा घालीत नाही. वाजवी भीती उत्पन्न होताच हक्क सुरू होतो, आणि त्या क्षणीचे वर्तन सोनाराच्या काट्यावर तोलावयाचे नसते.

शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांत तंटा बहुधा दुकानाचा नसतो. तो बांधाचा, वरकस जमिनीचा असतो. १९४८ च्या कुळकायद्यानंतर सातबाऱ्यावरील नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची, अशी स्थिती कोकणात अनोळखी राहिली नाही. तेथे मुन्शी राम खटल्याचे (१९६८) तत्त्व अधिक उपयोगी ठरते. स्थिर वहिवाट असणाऱ्यास खुद्द मालकही बळाने हुसकावू शकत नाही. त्याने न्यायालयात जावे. शिवाय आरोपीने हा बचाव शब्दशः घेतलेला नसला तरी, अभिलेखावरील पुराव्यातून तो दिसत असल्यास न्यायालयाने विचारात घ्यावा, असेही तेथे ठरले. निरक्षर आरोपीच्या बाबतीत हे दुसरे तत्त्व पहिल्याहून मोलाचे म्हणावे लागेल.

खरी अडचण कलम ९९ ची. अधिकाऱ्यांकडे धाव घेण्यास अवसर असेल तर हक्क उरत नाही. माळशेजच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरून पोलीस ठाणे किती दूर, वाट कशी, वेळ रात्रीची की दिवसाची, हे साक्षीतच नोंदले गेले नसेल, तर मुंबईच्या खंडपीठापुढे केवळ पंचनामा आणि नकाशा उरतो.