जेसलमीरचे खडीन

इतिहास हा शब्द उच्चारतांच लढाया, तह व राजवंशांच्या याद्या आपल्या मनांत उभ्या राहतात. शेताच्या उतारावर कोणीं बांध घातला, तो कोणीं राखला आणि तो कां फुटला, ही हकीकत बखरकारांनीं सहसा नोंदविलेली नाहीं. परंतु जेथें पावसाचा भरंवसाच नाहीं अशा प्रदेशांत प्रजेचें सुख व राज्याचें बळ हीं दोन्हीं त्या बांधावर अवलंबून असतात. राजस्थानच्या पश्चिम टोंकास असलेल्या जेसलमीरचा इतिहास या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. म्हणून त्याकडे आज वाचकांचें लक्ष वेधण्याचें आम्ही योजिलें आहे.

आजचा जेसलमीर जिल्हा सुमारें 38,000 चौरस किलोमीटरांचा. थरच्या वाळवंटांतील या मुलुखांत वर्षाकाठीं सरासरीनें 200 मिलिमीटरांहूनही कमी पाऊस पडतो. ज्या तालुक्यांना आपण दुष्काळी म्हणून हळहळतों त्यांच्या पावसाच्या तो निम्माही नव्हे. शिवाय तो सावकाश झिमझिमत नाहीं. दोनचार सरी एकदम कोसळतात, खडकाळ माळावरून लोंढा धांवत सुटतो, आणि सखल जागीं वाळूंत जिरून वा उन्हानें आटून नाहींसा होतो. ज्या माळावर कांहीं उगवत नाहीं तोच माळ पाणी जिरूं न देतां खालीं लोटून देतो, हें मर्म ज्यांनीं ओळखलें त्यांनीं खडीन निर्माण केला.

खडिनाची रचना दिसण्यांत अगदीं साधी. उताराच्या पायथ्याशीं, खोलगट जमिनीच्या खालच्या अंगास, पाण्याच्या वाटेवर मातीचा बांध आडवा घालावयाचा. त्याची उंची बहुधा 1.5 ते 3.5 मीटर व लांबी 100 ते 300 मीटर. जास्तीचें पाणी निघून जाण्यास दगडी सांडवा आणि तळाशीं एक मोरी. एक एकर शेतास सुमारें 15 एकर माळाचें पाणी लागतें, म्हणून माळ मोकळा राखणें हें शेत राखण्याइतकेंच अगत्याचें. पावसाळ्यांत बांधाआड तळें सांचतें. सोबत आलेला गाळ खालीं बसतो व जमिनींतले क्षार पाण्याबरोबर खोल उतरतात. दिवाळीच्या सुमारास पाणी जिरलें, किंवा मोरीवाटें सोडून दिलें, कीं त्याच ओलीवर गहूं व हरभरा पेरावयाचा. पुढें एक थेंबही न देतां पीक हातीं येतें. तळें आणि शेत एकाच जागीं, पण निरनिराळ्या ऋतूंत!

या विद्येचें श्रेय पालीवाल ब्राह्मणांना दिलें जातें. हे मूळचे मारवाडांतील पाली गांवचे. तेथून तेराव्या शतकाच्या सुमारास त्यांनीं जेसलमीरची वाट धरली अशी परंपरा आहे. त्यांचीं गांवें 84 होतीं असें सांगतात. कुलधरा व खाभा येथील सरळ रस्ते आणि दगडी घरांचे भग्नावशेष त्यांच्या संपन्नतेची साक्ष आजही देतात. जमिनीची मालकी दरबाराची, बांध घालून कसण्याचे श्रम पालीवालांचे, आणि पिकाची चौथाई राजास, असा करार असे असें म्हणतात. चौथाई हा शब्द मराठी वाचकांस निराळ्याच कारणानें परिचित आहे. येथें मात्र ती परस्परांच्या विश्वासाची किंमत होती.

हा विश्वास एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तुटला. दिवाण सालिमसिंह मेहता याच्या हातीं सत्ता गेली, आणि त्यानें रयतेस, विशेषतः धनिक पालीवालांस, पिळून काढलें. 1818 सालीं जेसलमीरनें इंग्रजांशीं तह केला. कर्नल टॉड हे त्या काळांत राजपुतान्यांतील कंपनीचे अधिकारी होते; त्यांच्या 1829 व 1832 सालीं निघालेल्या ग्रंथांत या दिवाणाच्या जुलमाचें वर्णन आहे. एका कन्येच्या अब्रूसाठीं 84 गांवें एका रात्रींत उठून गेलीं व जातांना शाप देऊन गेलीं, ही कथा आज प्रवाशांस रंगवून सांगतात. संशोधकांचा कल निराळा आहे: विहिरी आटत गेल्या, करांचा बोजा वाढत गेला आणि वस्ती हळूहळू ओसरली, असें ते मानतात.

आम्हांस हा दुसरा वृत्तांत अधिक उद्बोधक वाटतो, कारण शापाचा दोष कोणाच्याच माथीं येत नाहीं. खडिनाचा गाळ एका वर्षांत सांचत नाहीं. आज बांध घालणारा मुलानातवांच्या ताटाकडे पाहून माती उचलतो. दर पावसाळ्यापूर्वीं भगदाडें बुजविलीं नाहींत तर एका लोंढ्यांत पिढ्यांची माती वाहून जाते. उद्यां शेत आपल्याकडे राहील कीं नाहीं ही शंका ज्याच्या मनांत शिरली, तो फावडें कशास उचलील? करवसुलीसाठीं जो जुलूम झाला त्यानें कराचें मूळच उखडलें गेलें.

1949 सालीं जेसलमीर राजस्थानांत विलीन झालें. 1958 सालीं राजस्थान कालव्याची कोनशिला बसविण्यांत आली; इंदिरा गांधींचें नांव मागाहून मिळालेला हा कालवा 1987 सालीं जेसलमीरच्या वाळूपर्यंत पोंचला. त्यानें पिण्याचें पाणी दिलें, पिकें दिलीं, आणि कालव्याखालच्या कित्येक जमिनींत पाणी तुंबून क्षारही वर आणले. जुन्या खडिनांकडेही पुन्हां आदरानें पाहिलें जाऊं लागलें. जोधपूरच्या केंद्रीय रुक्ष क्षेत्र संशोधन संस्थेनें त्यांचा अभ्यास केला. सरकारनें व लोकसेवी मंडळांनीं जुने बांध दुरुस्त केले, नवे घातले.

हें काम स्तुत्य आहे. तथापि नवा बांध घालतांना त्याच्या उंचीचा व सांडव्याच्या रुंदीचा हिशेब जितक्या काळजीनें होतो, तितक्याच काळजीनें आणखी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात असें आम्हांस सुचवावेसें वाटतें: आंतलें शेत कोणाचें, वरचा माळ कोणी राखावयाचा, आणि फुटलेल्या बांधावर माती कोणी टाकावयाची. कुलधऱ्याच्या ओसाड घरांकडे पाहणारास यांतल्या कोणत्याही प्रश्नाचें महत्त्व पटवून देण्याची गरज पडूं नये.