मत्स्यविनोद

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल असे बिरुद होते, त्याने शके 1051च्या सुमारास, म्हणजे इसवी सन 1129च्या आसपास, ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा जो विस्तीर्ण संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, तो मराठी अभ्यासकांना मुख्यतः एका कारणासाठी ठाऊक आहे. त्यातील गीतविनोदात उदाहरणादाखल दिलेल्या पदांमध्ये मराठीचा एक फार जुना नमुना आढळतो, आणि योगायोग असा की त्या नमुन्यात विष्णूच्या मत्स्यावताराचेच स्तवन आहे. परंतु ग्रंथाच्या त्याच भागात, म्हणजे त्याच विंशतीत, मल्लांच्या झुंजी, कोंबड्यांच्या झुंजी आणि ससाण्यांकरवी शिकार यांच्या सान्निध्यात, ‘मत्स्यविनोद’ नावाचे जे प्रकरण आहे, त्याकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली या प्रकरणाचे महत्त्व विद्वानांपुढे मांडले. तरीही गळ टाकण्याच्या कलेविषयी बोलताना आपण विलायतेकडेच पाहतो, ही खेदाची गोष्ट आहे.

विलायतेतील ग्रंथांचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. 1496 साली वेस्टमिन्स्टर येथे गळाच्या मासेमारीवरील एक लहानसा निबंध छापला गेला, आणि 1653 साली आयझॅक वॉल्टन याने आपला जगन्मान्य ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्यात एक अनुभवी गळकरी लंडनजवळच्या ली नदीकाठाने चालता चालता एका नवशिक्याला आपल्या विद्येची गोडी लावतो. गुरुशिष्यसंवादाची ती मांडणी अत्यंत हृद्य आहे. तथापि त्या इंग्रजी निबंधाच्याही साडेतीनशे वर्षे आधी दख्खनच्या एका राजाने हा विषय शास्त्र म्हणून हाती घेतला होता, आणि माझ्या मते नवशिक्याच्या दृष्टीने त्याची पद्धत अधिक शहाणपणाची आहे.

ती पद्धत अशी. सोमेश्वर प्रथम पस्तीसच्या आसपास माशांची नावे सांगतो. ते समुद्रातले की नदीतले, खवल्यांचे की बिनखवल्यांचे, थोर की लहान, असे त्यांचे वर्ग पाडतो. आणि मग त्या त्या माशाला कोणते अन्न रुचते याचा तपशील देतो. कोणासाठी तिळाच्या पिठाचे गोळे, कोणासाठी भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ आणि भात, तर मांसाहारी माशांसाठी मांसाचे गोळे, अशी ती निगुतीची यादी आहे. पाण्याच्या ठरलेल्या जागी हे खाद्य घालून माशांना तेथे यायची सवय लावावी, असा त्यातला विचार आहे. दोर, काठी आणि गळ हे या खाद्याच्या बरोबरीने येतात, त्याला मागे सारून नव्हे. ज्याला माशाची भूक ठाऊक नाही त्याच्या हाती गळ देऊन उपयोग काय, हा त्यामागील रोकडा विचार कोणत्याही जाणत्या भोयाला अथवा कोळ्याला तत्काळ पटावा.

या विद्येची दुसरी शाखा कोणत्याही पोथीत शिरली नाही, ती घराघरांतून चालत राहिली. दक्षिण कोकणात गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणे. खाडीच्या काठी गरवायला बसलेल्या आजोबांच्या शेजारी नातवाने भरती-ओहोटीची वेळ, कोलंबीचे आमिष कसे ओवावे आणि दोराला लागलेली ओढ खडकाची की माशाची, हे हळूहळू उमगून घ्यावे, हीच तेथील पाठशाळा. घाटावरही निराळे घडले नाही. मुंबई सरकारच्या चाकरीत असलेल्या कर्नल साइक्स याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भीमा आणि मुळा-मुठेच्या परिसरातील माशांची शास्त्रीय वर्णने लिहिली, तेव्हा अनेक जातींना त्याने येथील लोकांच्या तोंडची नावेच लॅटिन धाटणीने दिली. दख्खनचा महसीर हा मासा आजही शास्त्रात ‘खुद्री’ याच नावाने दाखल आहे.

पुढे इंग्रजी अमदानीत गळ हा साहेबांचा षोक ठरला. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने 1873 साली हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला, आणि 1897च्या कायद्याने पाण्यात सुरुंगाची दारू उडवणे व विष कालवणे हा गुन्हा ठरला. मुंबईत 1891 साली बांधलेल्या पवई तलावाचे पाणी पिण्यास निरुपयोगी ठरले, तेव्हा तो तलाव यथावकाश हौशी गळकऱ्यांचे आवडते स्थान झाला. परंतु धरणे, मैला आणि चोरून उडवली जाणारी सुरुंगाची दारू यांमुळे महसीर नद्यांतून हटत गेला. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्यास टाटांच्या जलाशयाकाठी 1970च्या सुमारास त्याच्या कृत्रिम प्रजननाचे काम सुरू केले, आणि तेथील पिले पुढे दूरदूरच्या पाण्यांत सोडली गेली; महाराष्ट्राच्या मत्स्येतिहासातील हे काम मी फार मोठे मानतो.

महाड तालुक्यातील वाळणकोंडीत, काळ नदीच्या खोल डोहात, देवीच्या नावाने राखलेले महसीर आजही निर्भय फिरतात. भाविक त्यांना खाऊ घालतात, मारीत मात्र कोणी नाही. मुलाला मत्स्यविनोदाची दीक्षा द्यावयाची असेल तर प्रथम अशा डोहावर न्यावे असे मला मनापासून वाटते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने पाण्याच्या रंगात सावलीसारखी हलणारी पाठ ओळखावी, मूठभर खाद्य पडताच कोणता मासा आधी येतो आणि कोणता मागे राहतो हे पाहावे, आणि मग एखाद्या गावतळ्यावर, मालकाच्या किंवा मक्तेदाराच्या परवानगीने, साध्या वेळूची काठी, दोर, मोराच्या पिसाच्या दांड्याचे तरंगते आणि गांडूळ एवढ्याच सरंजामावर बसावे. तरंगते पहिल्यांदा बुडते त्या क्षणी मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्यासाठी सोमेश्वराने एक सबंध प्रकरण खर्ची घातले, ते उगीच नव्हे.

वाचकांना विनंती एवढीच, की पावसाळ्याच्या आरंभी मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट चढतात, त्या दिवसांत मुलाला काठावर जरूर न्या, पण गळ घरी ठेवा. आणि इतर वेळी वीतभर नसलेला मासा लागला तर ओल्या हाताने सोडवून तो मुलाच्याच हातून पाण्यात परत सोडवा.