शिक्षकाचे प्रमाणपत्र आणि डोंगरातील शाळा : भीमाशंकर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव व जुन्नर तालुक्यांचा पश्चिम भाग हा सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून असलेला, प्रामुख्याने महादेव कोळी समाजाच्या वस्तीचा प्रदेश होय. आहुपे, कोंढवळ, तेरुंगण यांसारख्या गावांतील शिक्षणाची भिस्त जिल्हा परिषदेच्या लहान शाळांवर आणि घोडेगाव येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीतील आश्रमशाळांवर आहे. येथील शिक्षकास नोकरीत असताना वरची व्यावसायिक पात्रता मिळवावयाची झाल्यास तिचा भार कोणी उचलावयाचा, शासनाने की शिक्षकाने, या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

महाराष्ट्रात शिक्षक-प्रशिक्षणाचा आरंभ इंग्रजी अमदानीत झाला. 1845 मध्ये मुंबईस ‘नॉर्मल क्लास’ सुरू झाला व त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे आली. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर 1855 साली शिक्षण खाते स्थापन झाले आणि पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज मराठी शाळांच्या मास्तरांचे मुख्य केंद्र बनले. स्त्रियांसाठी स्वतंत्र ट्रेनिंग कॉलेज पुण्यात 1870 मध्ये निघाले. या व्यवस्थेचा एक विशेष आज सहसा लक्षात घेतला जात नाही. उमेदवारास शिकत असताना शिष्यवृत्ती मिळे, आणि त्या बदल्यात ठरावीक काळ खात्याची नोकरी करण्याचे बंधन त्याच्यावर असे. पहिल्या, दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षाचे प्रमाणपत्र मिळेल त्याप्रमाणे पगाराची श्रेणी ठरे. म्हणजे प्रशिक्षण ही सरकारी गरज मानली जात होती व तिचा खर्चही सरकारी होता. उणीव होती ती वेगळ्याच ठिकाणी. ट्रेनिंग कॉलेजात पोहोचणारा विद्यार्थी बहुधा शहरातील, वरच्या जातींतील असे.

या उणिवेवर नेमके बोट ठेवले ते महात्मा जोतीराव फुले यांनी. 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळजवळ सर्व ब्राह्मण असून त्यांपैकी थोडेच प्रशिक्षित आहेत आणि त्यांचे वेतन क्वचितच दहा रुपयांच्या वर जाते. प्रशिक्षित शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास त्यांना लाज वाटू नये, त्यांचे वेतन किमान बारा रुपये व मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये असावे, अशी त्यांची मागणी होती. प्रमाणपत्र, वेतन आणि शिक्षकाची सामाजिक पार्श्वभूमी या तिन्ही गोष्टींचा त्यांनी एकत्र विचार केला, हे या निवेदनाचे खरे मोल आहे. (जुन्नर तालुक्याशी फुले दांपत्याचा निकटचा संबंध होता, 1877 च्या दुष्काळात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेले एक पत्र ओतूर येथून लिहिलेले आहे.)

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र पालटले. 1962 मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. कालांतराने डी.एड. ही प्राथमिक शिक्षकाची किमान अर्हता ठरली. पदवी व बी.एड. घेतल्याखेरीज पुढील पदांची वाट अरुंद झाली. 1989 साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या सेवांतर्गत बी.एड. अभ्यासक्रमामुळे नोकरी न सोडता पदवी घेणे शक्य झाले, ही निःसंशय मोठी सोय होती. तथापि शुल्क शिक्षकाचे, प्रवास शिक्षकाचा आणि संपर्कसत्रांसाठी खर्ची पडणारी सुटीही शिक्षकाचीच. एकोणिसाव्या शतकातील शिष्यवृत्तीची जागा अशा रीतीने स्वखर्चाने घेतली. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था लोणी काळभोरला, म्हणजे पुणे शहराच्याही पूर्वेस आहे; आहुप्याच्या शिक्षकास तेथे जाण्यासाठी जवळजवळ सारा जिल्हा ओलांडावा लागतो.

पुढे बारा व चोवीस वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ व निवड श्रेणीसाठीही प्रशिक्षण सक्तीचे झाले. 2022 मध्ये ते ऑनलाईन घेण्यात आल्याने प्रवास वाचला खरा, परंतु डोंगराआड मोबाईलची रेंज शोधण्याचे काम उरलेच. शिक्षण हक्क कायद्यान्वये 2010 साली शिक्षक पात्रता परीक्षा लागू झाली व महाराष्ट्रात ती 2013 पासून घेण्यात येऊ लागली. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे आवश्यक ठरविले. त्यामुळे ज्यांची नेमणूक त्या वेळच्या नियमांनुसार रीतसर झाली होती, अशा शिक्षकांपुढेही नोकरी टिकविण्याचा प्रश्न उभा राहिला.

गुणवत्तेचा आग्रह गैर नाही. फुले यांनीही तो धरलाच होता. परंतु त्यांच्या मागणीत प्रमाणपत्राबरोबर वेतनवाढही होती. आजच्या परीक्षेबरोबर रजा, शुल्क किंवा बदली शिक्षक यांची तरतूद आपोआप येत नाही. दोनशिक्षकी शाळेतील एक शिक्षक अभ्यासासाठी वा परीक्षेसाठी गेला की, त्या दिवशी पहिली ते चौथीचे चारही वर्ग दुसऱ्या शिक्षकासमोर एकाच खोलीत बसलेले असतात.