वुर्स्टर निळा

वुर्स्टर निळा हा टेट्रामिथिल-पॅरा-फेनिलीनडायअमाइन या ॲरोमॅटिक अमाइनाच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर तयार होणारा धनप्रभारित मुक्त मूलक आहे. मुक्त मूलकात एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो. बहुतेक मूलक क्षणार्धात नष्ट होतात. हा मूलक मात्र योग्य परिस्थितीत पाण्यातही टिकतो आणि त्याचे परक्लोरेट लवण स्फटिकरूपात मिळते.

इतिहास

जर्मन रसायनशास्त्रज्ञ कासिमिर वुर्स्टर यांनी १८७९ मध्ये या अमाइनाच्या ऑक्सिडीभवनाने गडद निळे द्रव्य मिळवले. डायमिथिल संयुगापासून त्यांना लाल द्रव्य मिळाले. ते ‘वुर्स्टर लाल’ म्हणून ओळखले जाते. त्या काळी मुक्त मूलकाचे अस्तित्व सिद्ध झालेले नव्हते. मोझेस गॉम्बर्ग यांचा ट्रायफेनिलमिथिल मूलक १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरही विल्श्टेटर आणि पिकार्ड यांनी १९०८ मध्ये वुर्स्टर निळा म्हणजे मूळ अमाइन व त्याचे पूर्ण ऑक्सिडीभूत रूप यांचे संयुक्त द्रव्य होय, असे मत मांडले.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील लिओनोर मिखाएलिस यांनी १९३० च्या दशकात विभवमापी अनुमापनाद्वारे दोन इलेक्ट्रॉन एकाच वेळी नव्हे, तर दोन स्वतंत्र टप्प्यांत निघतात, हे दाखवले. मधल्या टप्प्यावरील द्रव्य म्हणजेच हा मूलक होय. जैविक ऑक्सिडीभवनही एकेका इलेक्ट्रॉनाने होऊ शकते, या त्यांच्या प्रतिपादनाला या अभ्यासाने बळ मिळाले.

वर्णपटीय अभ्यास

मूळ अमाइन रंगहीन असून ते जंबुपार प्रकाश शोषते. मूलकाचे ठळक शोषणपट्ट सुमारे ५६५ व ६१० नॅनोमीटर तरंगलांबीवर, म्हणजे पिवळ्या-नारिंगी भागात असतात. म्हणून विद्राव निळा-जांभळा दिसतो. या पट्टांच्या तीव्रतेवरून मूलकाची संहती मोजता येते. जी. एन. ल्युइस आणि डेव्हिड लिपकिन यांनी १९४२ मध्ये अतिशीत, काचेसारख्या घट्ट माध्यमात गोठवलेल्या ॲरोमॅटिक अमाइनांवर प्रकाश टाकून असे मूलक निर्माण केले व त्यांचे वर्णपट नोंदवले.

पुढे इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स या तंत्राने एकट्या इलेक्ट्रॉनाचे स्थान समजले. दोन नायट्रोजन अणू, मिथिल गटांतील १२ हायड्रोजन अणू व वलयावरील ४ हायड्रोजन अणू यांच्याशी होणाऱ्या आंतरक्रियांमुळे वर्णपटात अनुक्रमे ५, १३ व ५ अशा विभाजनांच्या गुणाकाराने जास्तीत जास्त ३२५ रेषा संभवतात. इलेक्ट्रॉन एका नायट्रोजनवर न राहता संपूर्ण रेणूवर पसरलेला असतो, हे यावरून स्पष्ट होते. मूलकाच्या स्थैर्याचे हे मुख्य कारण आहे.

विक्रिया

दुसरा इलेक्ट्रॉन गेल्यास निळा रंग नाहीसा होऊन क्विनोनडायइमाइन प्रकारचे द्रव्य तयार होते. ॲस्कॉर्बिक अम्लाने मूलकाचे क्षपण होऊन मूळ रंगहीन अमाइन परत मिळते. तीव्र अम्लीय विद्रावात दोन मूलकांमध्ये इलेक्ट्रॉनाची देवाणघेवाण होऊन एकाचे क्षपण व दुसऱ्याचे ऑक्सिडीभवन होते.

उपयोग

सूक्ष्मजीवशास्त्रातील ऑक्सिडेज चाचणी याच रंगबदलावर आधारलेली आहे. सायटोक्रोम सी ऑक्सिडेज असलेल्या स्यूडोमोनस एरुजिनोसासारख्या जीवाणूंमुळे अभिकर्मक काही सेकंदांत निळा-जांभळा होतो. एश्चेरिकिया कोलायमुळे तसे होत नाही. हवेतील ऑक्सिजननेही अभिकर्मक हळूहळू निळा पडतो. त्यामुळे ताजा अभिकर्मक वापरणे व निष्कर्ष ठरावीक वेळेतच नोंदवणे आवश्यक असते. अन्यथा जीवाणूची ओळख चुकू शकते.